धडधडीची वारसनोंद

आमच्या अण्णांनी मागे काय ठेवलं, याची यादी मी माझ्या हातानं केली होती. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला मयत खातेदाराची वारसनोंद डोळे मिटून करता येते. मुदत ठेव एक, बचत खातं एक, तांब्याचा बंब एक (गळका), आणि एचएमटीचं चावीचं घड्याळ एक. ठेवीचे तीन सारखे वाटे झाले, 'मला काही नको' असं म्हणत बहिणीनं बंब नेला आणि घड्याळ माझ्या मनगटावर आलं. भांडण नाही, तंटा नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, सगळं यथासांग पार पडलं. फक्त एक बाब यादीत लिहायची राहिली आणि ती बिनअर्जाची, बिनस्टँपची, परस्पर आम्हा भावंडांच्या नावावर जमा होऊन गेली. ती म्हणजे अण्णांची भीती.

आता भीती म्हटल्यावर अण्णा भित्रे होते असा कुणी समज करून घेऊ नये. वाड्यात साप निघाला तर लोक पोलिसांच्या आधी अण्णांना बोलवायचे. अण्णा काठीवर साप उचलून ओढ्याकडे नेऊन सोडायचे आणि परत येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगायचे. कचेरीत साहेबाला तोंडावर 'हे नियमात बसत नाही' म्हणणारे ते एकटेच. जगात ते फक्त एकाच गोष्टीला भ्यायचे. स्वतःच्या छातीतल्या धडधडीला.

रात्रीची जेवणं झाली की अण्णा हात धुऊन कॉटवर बसायचे, डावं मनगट उजव्या हातानं धरायचे आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत नाडी मोजायचे. तो एक मिनिट घरात पूर्ण शांतता. आई भांडी घासायची थांबायची. आम्ही तिघं सतरंजीवर श्वास रोखून बसायचो. मग निकाल जाहीर व्हायचा. "ब्याऐंशी. काल अठ्ठ्याहत्तर होते." हे चार ठोके कुठून आले याचा विचार करता करता आम्हाला झोप लागायची. गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन दोन जिने चढल्यावर कुणालाही धाप लागते, पण अण्णांना धाप लागली की ते भिंतीला टेकून बसायचे आणि शांतपणे म्हणायचे, "विम्याचे कागद कपाटात, डाव्या खणात आहेत." वर्षातून तीनदा तरी हे व्हायचं. पाढ्यांच्या आधी आम्हाला डावा खण पाठ होता.

अखेर वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी अण्णा झोपेत गेले. त्या रात्री नाडी बहात्तर होती.

माझं म्हणाल तर मी कॅश काउंटरवर बसतो. संध्याकाळी हिशेबात पाचशेची एक नोट कमी आली की छाती धडधडते. हे साहजिक आहे. खिशातून भरावे लागतात, कुणाचीही धडधडेल. पण शेजारच्या काउंटरवरचे सहकारी अशा वेळी नोट शोधतात. मी नोट सोडून नाडी शोधतो. नोट सापडते, तरी माझी धडधड चालूच. कारण मघाशी मी नोटेला घाबरलो होतो आणि आता मी धडधडीला घाबरलेला असतो. आजवर चार वेळा मी ईसीजी काढून आलोय. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय उत्तम आहे. आता जरा माझ्या मशीनला विश्रांती द्या."

हे सगळं मी विनोद म्हणून सांगत आलो होतो. काउंटरवर सांगितलं की लोक हसतात, रांग पुढे सरकते. चिरंजीव बारावीला जाईपर्यंत मला त्यात विनोदच दिसत होता.

पूर्वपरीक्षेला बुककीपिंगचा पेपर होता. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल नसेल, कॉलेजातून फोन आला. मी रिक्षा करून पोचलो तर पोरगं ऑफिसबाहेरच्या बाकावर पांढरंफटक होऊन बसलेलं. घाम फुटलेला, हाताला मुंग्या, आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर. मला बघितल्यावर म्हणाला, "बाबा, मी मरतोय बहुतेक."

मी काय केलं असेल? धीर दिला असेल, पाणी पाजलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी त्याचं मनगट माझ्या हातात घेतलं आणि अण्णांच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागलो. एकशे चोवीस भरले. माझे मोजले नाहीत, पण तेही त्याच सुमारास असावेत.

डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि म्हणाले, "काहीही झालेलं नाही." आमच्या घराण्यात यापेक्षा भयंकर वाक्य नाही. काहीही झालेलं नाही याचा आमच्याकडचा अर्थ असा, की जे झालंय ते डॉक्टरांना सापडलेलं नाही. पोरगं त्या दिवसापासून जिना हळूहळू चढायला लागलं. क्रिकेट बंद, चहा बंद. पळालं की धडधडतं म्हणून पळायचंच नाही. बसस्टॉपवर डोळ्यांदेखत बस निघून जाऊ द्यायचा. सतरा वर्षांचं पोर सत्तरीतल्या माणसासारखं चालताना बघून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की अण्णांच्या इस्टेटीतली ती न लिहिलेली बाब आता पुढच्या नावावर चढते आहे.

त्याच सुमारास माझी पुतणी चार दिवस राहायला आली. ती मानसशास्त्रात एम. ए. करते. आम्ही काकांना 'अहो' म्हणायचो. ही पिढी आम्हाला 'अरे' म्हणते आणि वर समजावूनही सांगते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "काका, ह्याला नाव आहे."

नाव आहे म्हटल्यावर मला निम्मं बरं वाटलं. बँकेतही रकमेला खातं सापडलं की जीव भांड्यात पडतो.

"परीक्षेची भीती ही चिंता. पण चिंतेनं छाती धडधडते, हात थरथरतात, आणि 'हे जे शरीरात होतंय ते घातक आहे' असं ज्याला वाटतं, त्याला अँग्झायटी सेन्सिटिव्हिटी जास्त आहे असं म्हणतात. म्हणजे भीतीचीच भीती. स्टीव्हन राइस आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी ही कल्पना १९८५ मध्ये मांडली. हे तीन तऱ्हांचं असतं. धडधड झाली की हार्ट अटॅक येणार, ही एक. डोकं गरगरलं की वेड लागणार, ही दुसरी. आणि हात थरथरले की लोक बघणार, हसणार, ही तिसरी."

"मग चक्र कसं सुरू होतं?" मी विचारलं.

"धडधडलं की घाबरायचं. घाबरलं की शरीर आणखी ॲड्रेनलिन सोडतं. त्यानं आणखी धडधडतं. ते बघून आणखी घाबरायचं."

हे मात्र मला ताबडतोब कळलं. हे चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल चार ठोक्यांचं. पण व्याजावर व्याज, तेही वर्षाला नाही, सेकंदाला आकारलं जातं. पाच मिनिटांत माणूस दिवाळखोर. फरक इतकाच, की पुतणी म्हणाली, हे चक्र आपोआप ओसरतं. अशी कर्जमाफी आमच्या बँकेत नाही.

या प्रकाराची एक प्रश्नावलीही आहे. १९८६ सालची. प्रश्न सोळा, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण चौसष्ट. फॉर्म दिसला की भरायचा, हा माझा स्वभावधर्म. मी भरला. चौसष्टपैकी त्रेचाळीस! टक्केवारी काढली तर सदुसष्टच्या वर. बी.कॉम.ला मला एवढे कधी पडले नाहीत. थोरल्या भावाला फोनवर प्रश्न वाचून दाखवले. त्याला एकेचाळीस पडले आणि धाकट्यानं मागे टाकलं म्हणून तो जरा नाराज झाला. आमच्या हिनं फोडणी देता देता उत्तरं दिली आणि एकूण तीन गुण मिळवून नापास झाली. "छाती धडधडली तर काय वाटतं?" असा अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "जिना चढून आले असेन. त्यात वाटायचं काय?" मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, अठरा प्रश्नांची, वेंडी सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केलेली. ती चिरंजीवांनी भरली. त्यांचा आकडा मी इथे देत नाही. घराण्याचं नाव राखलं एवढं सांगतो.

आता हिशेब लावणं आलं. नावे कुणाच्या टाकायचं? हिची बाजू तीन गुणांवर सुटली. म्हणजे आलं आमच्याकडेच. मी पुतणीला सरळ विचारलं, "हे रक्तातून येतं का?"

"काही प्रमाणात. १९९९ मध्ये कॅनडातल्या जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १७९ जोड्या एकरूप जुळ्यांच्या, १५८ जोड्या साध्या जुळ्यांच्या. एकरूप जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, साध्या जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकी, सरासरी निम्मी. एकरूप जुळी एखाद्या बाबतीत साध्या जुळ्यांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर तितका जनुकांचा हात. या भीतीच्या बाबतीत तो सुमारे पंचेचाळीस टक्के निघाला."

मी लगेच कागद ओढला आणि पोराच्या गुणांचे पंचेचाळीस टक्के काढून 'श्री. अण्णा यांजकडून, मार्फत मी' असं लिहिलं. पुतणीनं कागद काढून घेतला.

"काका, तसं नसतं रे! ह्याच्या भीतीतली पंचेचाळीस टक्के भीती तुझी, असा हिशेब होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणाला तीन, कुणाला त्रेचाळीस, त्या फरकातला तेवढा भाग जनुकांच्या फरकानं समजतो. तो अख्ख्या समूहाचा आकडा आहे, एका माणसाचा नाही. आणि भीतीचं असं एकच जनुक नसतं, पुष्कळ असतात, प्रत्येकाचा हात चिमूटभर."

"आणि उरलेलं?"

"परिस्थिती. पण गंमत अशी, की एका घरात वाढल्यामुळे दोघांना सारखी मिळते ती परिस्थिती त्यात फारशी दिसत नाही. ज्याची त्याला वेगळी मिळते ती जास्त."

हे पटायला मला कॅनडाला जावं लागलं नाही. माझ्या बहिणीला एकरूप जुळे मुलगे आहेत. त्यांच्यात फरक फक्त दीड मिनिटांचा. बारशाला एकालाच दोनदा पाळण्यात घातलं होतं, असा आमच्या आत्याला आजही संशय आहे. पण थोरला गर्दीत गेला की घामाघूम होतो आणि धाकटा गर्दी बघून खूश होतो. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला झेंडावंदनात थोरल्याला चक्कर आली. तो पडला, सगळी शाळा हसली. धाकटा मागच्याच रांगेत होता. थोरल्यासाठी आणलेली ग्लुकोजची बिस्किटं गडबडीत त्यानं खाल्ली. एकच घर, एकच शाळा, एकच झेंडा. पण एकाच्या आठवणीत चक्कर आहे आणि दुसऱ्याच्या आठवणीत बिस्किटं. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, असं पुतणी लगेच म्हणाली. एम. ए. करणाऱ्यांना आपण आनंदानं काही सांगायला गेलो की त्या असं म्हणतात.

पण तिच्याकडे आणखी एक अभ्यास होता आणि तो ऐकताना माझं हसू मावळलं. हा चिंतेबद्दलचा, २०१५ सालचा, स्वीडनमधला. एकरूप जुळ्या बहिणी किंवा भाऊ घ्यायचे, आणि त्यांची किशोरवयीन मुलं. अशा मुलाचं आईशी जितकं जनुकांचं नातं, तितकंच मावशीशी. बापाशी जितकं, तितकंच काकाशी. चिंता नुसती जनुकांतूनच पोचत असती, तर ती मुलं या बाबतीत मावशी-काकांवरही तितकीच गेलेली दिसायला हवी होती. ती तशी दिसली नाहीत. ज्यांच्यासोबत एका घरात राहत होती, त्या आईबापांवर गेलेली दिसली. म्हणजे रक्ताच्या पलीकडेही काहीतरी रोज हातोहात जात होतं.

"अर्थात," पुतणी म्हणाली, "पोराला बघून आईबाप घाबरत असतील, असंही त्यात असू शकतं. देवाणघेवाण दोन्हीकडून."

मी गप्प बसलो. ती जरा थांबून म्हणाली, "काका, रागावू नकोस. काल संध्याकाळी सहा ते दहा मी मोजलं. तू त्याला सात वेळा विचारलंस, 'काय रे, धडधडत नाही ना?' एकदा तर तो हसत होता तेव्हा विचारलंस."

सात वेळा! आमच्याकडे पिग्मी ठेव म्हणून एक प्रकार असतो. एजंट रोज दारात येतो, दहा-वीस रुपये गोळा करतो आणि वर्षाखेरीला बघता बघता मोठी रक्कम जमते. गेली सतरा वर्षं मी पोराच्या दारात रोज उभा होतो. फरक एवढाच, की मी गोळा करत नव्हतो, भरत होतो. ठेच लागली तर "चक्कर नाही ना येत?" ताप आला तर दर तासाला नाडी. पळत घरी आला तर "बस आधी, बस!" धडधड ही फार मोठी, फार जपायची गोष्ट आहे, हे मी त्याला कधी शब्दांत शिकवलं नाही. अण्णांनी तरी मला कुठे शिकवलं होतं? त्यांनी फक्त मिनिटभर घर शांत केलं होतं.

"मग आता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अण्णांसारखा वाटला.

"एक चांगली गोष्ट सांगू? लंडनच्या संशोधकांनी किशोरवयीन जुळ्यांना काही वर्षं पुन्हापुन्हा तपासलं. जनुकांचा वाटा बराचसा तोच पुढे चालत राहतो. पण परिस्थितीचा वाटा बराचसा त्या त्या वयापुरता निघाला. म्हणजे ते खातं बंद करून नवं उघडता येतं. आणि जनुकांतून आलंय म्हणून बदलत नाही असंही नसतं. चष्म्याचा नंबर घराण्यातून येतो, म्हणून आपण आंधळे फिरतो का?"

तिच्याच ओळखीनं आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. हृदय ठणठणीत आहे, दमा वगैरे काही नाही, हे डॉक्टरांचे कागद त्यांनी आधी पाहिले. मग त्यांनी जो उपाय सांगितला, तो ऐकून मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. धडधड टाळायची नाही, मुद्दाम आणायची! जागच्या जागी एक मिनिट धावायचं. फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरायचं, म्हणजे चक्कर येते. नाक दाबून बारीक नळीतून श्वास घ्यायचा, म्हणजे गुदमरल्यासारखं होतं. मग काही न करता बसायचं आणि ते आपोआप ओसरताना बघायचं. असं रोज. शरीराला आणि मनाला कळलं पाहिजे, की ही नुसती धडधड आहे, पुढे काही येत नाही. घाबरलेल्यांसाठी हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे, असं त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही करा. त्याच्या समोर."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये जे सुरू झालं, ते खालच्या मजल्यावरच्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी चौकशीला वर आले, तेव्हा मी फिरत्या खुर्चीत गरगर फिरत होतो, चिरंजीव जागच्या जागी धावत होते आणि आमची ही हातात घड्याळ घेऊन मिनिट मोजत होती. खालचे काही न बोलता परत गेले. अण्णांचं घड्याळ. इतकी वर्षं त्यानं ठोके वाढले की काय ते पाहिलं होतं. आता ठोके वाढवायला किती सेकंद उरले ते बघत होतं. मिनिट भरला की ही "स्टॉप!" म्हणायची, आम्ही दोघं धापा टाकत जमिनीवर बसायचो आणि ही विचारायची, "मेलं का कुणी? नाही ना? मग चहा टाकते."

तीन गुण मिळवणारी बाई घरात असणं ही काय चीज आहे, हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं.

माझा खरा उपाय मात्र वेगळाच होता आणि तो नळीतून श्वास घेण्यापेक्षा कठीण. न विचारणं. पहिल्या दिवशी प्रश्न सात वेळा घशापर्यंत आला आणि सात वेळा गिळला. रात्री ही म्हणाली, "अहो, पाणी प्या, उचकी लागलीय का?" चौथ्या-पाचव्या दिवशी त्या प्रश्नाच्या जागी "पावसामुळे मॅच रद्द झाली का रे?" असं विचारायला जमलं. त्या दिवसांत पाऊस नसतो हे खरं. पण पोरानं उत्तर दिलं. आठवडाभरानं एक दिवस तो बस पकडायला पळाला. मी गॅलरीतून बघत होतो. माझी छाती धडधडली. धडधडू दिली.

पुतणी परत निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझं बरं आहे, तू आमच्यासारखी नाहीस." ती हसली. म्हणाली, "काका, मीही अण्णांचीच नात. हा विषय मी उगाच घेतला असं वाटलं तुला?"

बोर्डाच्या परीक्षेचा पहिला दिवस. चिरंजीव बूट घालत होते. हात किंचित थरथरत होते. मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यालाही दिसत होतं.

"बाबा, धडधडतंय," तो म्हणाला.

माझ्या तोंडात अण्णा होते, डावा खण होता, सगळं होतं. मी म्हटलं, "माझंही. पेन घेतलंस का?"

"दोन घेतली." मग जरा थांबून म्हणाला, "घड्याळ दे ना. वर्गात मोबाइल चालत नाही, स्मार्टवॉचही नाही. वेळ बघायला पाहिजे."

मी मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी दिली आणि त्याच्या हातात ठेवलं. "वेळच बघायला ना?" असं विचारणार होतो. नाही विचारलं. तो जिना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत गेला.

तेव्हापासून ते घड्याळ त्याच्याकडेच आहे. घरात नाडी मोजायला आता काही उरलेलं नाही. माझ्या मोबाइलवर बोट ठेवलं की ठोके सांगणारं काहीतरी होतं. परवा बघतो तर आमच्या हिनं ते काढून त्या जागी भाजीवाल्याचा नंबर ठेवलाय.